मैदानातला पाझर

कारखान्याच्या मैदानावर आता गोलाचा एकच खांब उभा आहे. दुसरा कुणीतरी उपटून गोठ्याला लावला असावा. उभा आहे तो लोखंडी पाइप वरून उघडा आहे, त्यामुळं वारा सुटला की आत एक बारीक आवाज फिरत राहतो, तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा. एकदा मी त्याला कान लावला होता. पुन्हा लावलेला नाही.

परवा वडवणीचा बाजार उरकून परस्पर तिकडं गेलो. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या मिलिंदचा फोन होता. पोरं श्रमदानाला लागली आहेत म्हणाला. मैदानात पाझर फुटला होता त्याच जागी खड्डा घेतलाय. आधी हातानं बघायचं, ओल लागली की मशीन सांगायचं. यंदा पुन्हा टँकरवर दिवस काढणं चाललंय, वस्तीला स्वतःचं पाणी झालं तर बरं.

"तुमी आल्याबिगर जागा पक्की करायची न्हाई म्हणलं, दादा," तो म्हणाला. "पयल्यांदा तुमीच बघितलता न."

मी हो म्हणालो. इतकी वर्षं हो म्हणत आलोय, तसंच.

कारखाना चालू होता तेव्हा या जागेला मळीचा वास असायचा. आंबूस, गोड, डोक्यात बसणारा. गाळपाच्या दिवसांत धुराड्यातून काजळीचे बारीक कण उडायचे आणि वाळत घातलेल्या धोतरांवर, दुधाच्या पातेल्यावर, सामना बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊन बसायचे. फुटबॉल आमच्याकडं कुठून आला ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. हैदराबादकडचा कुणी केमिस्ट चेंडू घेऊन आला होता म्हणतात. मला कळायला लागलं तेव्हा मैदान होतंच. ओढ्याच्या काठची खोलगट जागा, बॉयलरची राख टाकून टाकून भरलेली, वर काळ्या मातीचा थर. नव्या बुटानं जोरात टाच मारली तर खाली भुसभुशीत लागायचं.

आसपासच्या साखर कारखान्यांच्या संघांची एक लीग होती. आमचा संघ तिच्यात कायम तळाला. आम्ही प्रेक्षक उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांवर पाय सोडून बसायचो, हरायचो आणि बाबूरावच्या टपरीवर चहा प्यायचो. बाबूराव भजी तळता तळता विचारायचा, आज किती? आकडा ऐकून म्हणायचा, माझ्या भज्यापेक्षा गोल जास्त खायलाव बे तुमी. हे दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी आम्ही हसायचो.

एक रीत मात्र आमचीच होती. आपल्या संघानं गोल केला की बॉयलरवरचा माणूस भोंगा द्यायचा. पाळीचा असायचा तोच भोंगा. तो पार दिंद्रुडच्या वाटेवर ऐकू जायचा, आणि शेतातल्या बाया कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, घातला वाटतं एक. वर्षातून मोजक्याच वेळा व्हायचं ते. म्हणून तर ध्यानात राहायचं.

मग ते साल आलं.

त्या दुष्काळाबद्दल बोलताना लोक पाण्याचं बोलतात. मला शांतता आठवते. ऊस उभ्यानं वाळला, कारखान्यानं गाळप घेतलंच नाही. धुराड्यावर घारींनी घरटं केलं. वजनकाट्याच्या पत्र्यावर कुत्री झोपायची, आणि त्यांच्या वजनानं आतल्या काट्याचा टक् टक् आवाज यायचा. जनावरं छावणीला गेल्यामुळं संध्याकाळी घंटा वाजायच्या बंद झाल्या. मळीचा वास आधी फिका झाला, मग एक दिवस गेलाच, आणि तो गेल्यावर कळलं की आमच्या अंगाला वेगळा असा वासच नाही.

खेळाडूंना काम नव्हतं. ते दिवसभर खेळायचे. बॉयलर थंड, म्हणून भोंगा नाही. पहिला गोल झाला त्या दिवशी आम्ही सगळे सवयीनं धुराड्याकडं बघत थांबलो. काहीच आलं नाही. ती वाट बघण्याची वेळ फार वाईट गेली. मग ट्रॉलीवरच्या कुणीतरी ओठ मिटून तो आवाज काढला, खालून वर चढत जाणारा. शेजारच्यानं उचलला. बघता बघता सगळं मैदान भोंग्यासारखं घुमायला लागलं. ओठ कुणाचेच हलत नव्हते. खेळाडू जागच्या जागी थांबले होते. पाहुण्यांचा एक पोरगा आमच्याकडं बघत मागं मागं सरकला, हे मी बघितलं.

त्यानंतर आम्ही हरलोच नाही. सांगताना लोक आनंदानं सांगतात, पण तेव्हा भीती वाटायची. आपल्याला देणारं कोण आहे आणि बदल्यात काय नेणार आहे, असं वाटायचं. बाबूरावसुद्धा भज्याचं बोलेनासा झाला. तशीही भजी बंदच होती, तेल परवडत नव्हतं.

शेवटचा सामना गोदाकाठच्या कारखान्याशी होता. त्यांची उंच, पोसलेली माणसं. आमचं मैदान उन्हानं इतकं टणक झालं होतं की चेंडू टप्पा घेऊन आमच्या डोक्यावरून जायचा आणि त्यांच्या डोक्यावर पडायचा. आमचा गोलकीपर मिलिंद. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला, माझ्याहून थोडा लहान. आदल्या दिवशी तो टपरीवर बाह्या वर करून बसला होता. दोन्ही कोपरांची सालं गेली होती, वर माश्या बसत होत्या. म्हणाला, "माती जरा वली असती न दादा, तर कसल्या बी चेंडूवर उडी घेतली असती. आता अंगच मागं वढतंय."

मी कारखान्याच्या शेतकी खात्यात होतो. गाळप नसल्यामुळं कारखान्यानं आपला टँकर वाड्यावस्त्यांना पाणी घालायला दिला होता, आणि कुठली खेप कुठं जायची ते मी सांगायचो. सामन्याच्या दिवशी सकाळची खेप मिलिंदच्या वस्तीची होती.

दिवस उगवायच्या सुमाराला मी टँकर मैदानाशी अडवला. ड्रायव्हर रज्जाकभाई. त्यांनी इंजिन बंद केलं नाही.

"वस्तीचं पानी है ये," ते म्हणाले.

मी म्हणालो, एक दिवसाचा तर प्रश्न, उद्या त्यांना दोन खेपा टाकू. पंक्चर झालं म्हणून सांगा. त्यांच्याच पोरासाठी करतोय ना.

ते उतरले आणि पाइप सोडला. दोन्ही गोलांपुढं आणि मध्यावर पाणी पसरलं. त्या वासाचं काय सांगू? वर्षभर नाकानं ज्याची आशाच सोडली होती तो वास. मी तिथंच उकिडवा बसलो आणि ओली माती मुठीत दाबली. त्या क्षणाला मला काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. हे लिहिताना दुसरं काही लिहावंसं वाटतंय, पण नव्हतं वाटलं.

उन्हामुळं सामना सकाळचाच ठेवला होता. माणसं जमायला लागली आणि ओल बघून कडेलाच थांबली. बाबूराव चपला काढून त्या मातीवर उभा राहिला आणि मला विचारायला लागला, हे कशानं रं? मी म्हणालो, "पाझर फुटला असंल." अर्धं चेष्टेनं म्हणालो. त्यानं वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग ते शब्द माझे राहिलेच नाहीत. ट्रॉल्यांवर, टपरीवर, ओढ्यापलीकडं ते पसरले. दुष्काळात ओलीची बातमी पाण्यापेक्षा लवकर वाहते.

त्या सामन्यात खेळापेक्षा भोवती काय जमलं होतं ते मला जास्त आठवतं. आधी कावळे आले. मग कुठली कुठली कुत्री. मग हरणं. माणसांची चाहूल लागताच उधळणारी हरणं रेषेच्या बाहेर येऊन उभी राहिली आणि नाकं वर करून वास घेत राहिली. चेंडू त्यांच्यात गेला तर खेळाडू त्यांच्यामधून वाट काढून आणायचा. मध्यंतरात गावातल्या काही बाया तांबे घेऊन आल्या आणि गोलापुढच्या खळग्यातलं गढूळ पाणी भरायला लागल्या. कुणी त्यांना हटकलं नाही. मातीवर तांबे घासल्याचा खर् खर् आवाज येत होता. त्या भरून गेल्या आणि शिट्टी वाजली.

गोल मधमाश्यांनी केला असं आमच्यातले म्हणतात. खोटं नाही. मध्यंतरानंतर त्यांच्या गोलापुढच्या चिखलावर माश्या उतरल्या. तहानलेल्या, काळ्याभोर, जमिनीवर कांबळं पसरावं तशा. त्यांचा उंच गोलकीपर तोंडावर हात धरून आत सरकला. आमच्या पोरानं मारलेला चेंडू काही जोराचा नव्हता. त्या कांबळ्यावरून तो हळूहळू लोळत गेला, माश्या दोन्हीकडं उठत गेल्या आणि चेंडू रेषेपलीकडं जाऊन थांबला. आणि अगदी शेवटाला मिलिंदनं ती उडी घेतली. आडवा, अंगाच्या पार बाहेर. ओल्या मातीवरून घसरत गेला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर काढला. उठला तेव्हा एका अंगानं पूर्ण काळा होता आणि हसत होता.

मग आम्ही घुमलो. असा भोंगा आम्ही कधीच दिला नव्हता. श्वास संपला की शेजारचा उचलायचा, त्यामुळं आवाज तुटतच नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड मिटलेलं होतं. हरणं त्या आवाजानं पळाली. ओढ्यापलीकडून कुणी हाक मारत असतं तर ती आम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

कप घेऊन, गुलाल उधळत आम्ही वस्तीत गेलो, मिलिंदच्या आईला दाखवायला. कौसामावशी. ट्रॉलीवर बसून सामना बघणारी एकटी बाई होती ती, आणि मुलगा चुकला की सगळ्यांत मोठ्यानं शिव्या देणारी. त्या दिवशी पाण्याच्या वाटेकडं बघत घरी थांबली होती. टँकर आला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा ती घरात नव्हती. शेजारणीनं सांगितलं, घागर आणि दोर घेऊन हिरीकडं गेलीय.

तिनं काय विचार केला तो तिनंच मला नंतर कितीदा सांगितला. मैदानात पाझर फुटल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. बाकीच्या बाया मैदानाकडं निघाल्या. ती म्हणाली, वरचं गढूळ कावून भरायचं? मैदानाच्या खालतीच आपली हीर, झरा सुटला तर तो हितंच उतरणार. आणि दोन वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीत ती बघायला उतरली. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत. त्यातला एक दगड निसटला.

आम्ही काठावरून वाकलो. गुलालानं माखलेली सगळी तोंडं. खाली कोरड्या तळाशी ती पडली होती, एक पाय अंगाखाली विचित्र दुमडलेला. तिनं वर बघितलं. आवाज अगदी साधा होता.

"कारखाना चालू झाला का रं?" तिनं विचारलं. "भोंगा वाजला लई येळ. मी वरडत व्हते."

बाजेला दोर बांधून तिला वर काढलं. माझ्या हातांचा गुलाल तिच्या लुगड्याला लागला. पाय पुन्हा सरळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी रज्जाकभाईंनी वस्तीला दोन खेपा टाकल्या, मी म्हणालो होतो तसंच. ते त्यावर कधी बोलले नाहीत आणि काही वर्षांनी गेले. मग खरं ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

कारखाना त्यानंतर थोडे दिवस चालला, बंद पडला, भंगारात गेला. लीगही गेली. आम्ही मात्र दर उन्हाळ्यात एकदा बाबूरावच्या टपरीवर, आता त्याच्या मुलाच्या, जमत राहिलो आणि तो सामना सांगत राहिलो. सांगता सांगता पाझर मोठा होत गेला. एकाला त्या पहाटे जमिनीत बुडबुड ऐकू आली होती. एकानं ते पाणी चाखलं होतं, उसाच्या रसासारखं गोड होतं. एकाच्या वडिलांच्या स्वप्नात ते आधीच आलं होतं. गोलापुढं कुणी दगड मांडून शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला. हे सगळे मला साक्षीला धरायचे आणि मी चहा ढवळायचो. तिथून उठलो की कौसामावशीकडं जायचो. तीही चहा ठेवायची. पाय पुढं लांब करून बसायची आणि म्हणायची, नवसबिवस आमच्यात न्हाई, पर पाझर फुटला हे खरं. माझ्या पायाला दुसरं काई कारण न्हाई बघ. मी तिच्या घरचा कप हातात धरून मान हलवायचो.

परवा मैदानावर पोचलो तेव्हा मिलिंद खड्ड्यात होता, खड्डा डोक्याच्या वर गेलेला. त्याचे पांढरे केस आणि टोपलं वर सारणारे हात एवढंच दिसत होतं. काठावर मातीचा ढीग, आणि त्या ढिगात माती थोडी, राखच जास्त. बॉयलरची जुनी राख, थरावर थर. खड्ड्याच्या भिंतीतून ती आपसूक ओघळत होती, साखरेच्या पोत्याला भोक पडावं तशी. पोरं आणखी खाली जायचं म्हणत होती. राखेच्या भरावात कुठला झरा आणि कुठलं काय. ती भिंत माणसाच्या अंगावर कधी बसेल ते सांगता येत नव्हतं.

मी सांगितलं. काठावर उभा राहून, सगळ्यांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाझर नव्हता, टँकर होता. वस्तीचा होता. मी ओतायला लावला आणि मी खोटं बोललो.

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ते हसले, तेही मायेनं. टपरीवाला, बाबूरावचा मुलगा, म्हणाला की बुडबुड त्यानं स्वतःच्या कानानं ऐकली होती. त्या साली तो आईच्या कडेवर होता. दुसरा म्हणाला, टँकरनं का मैदान वलं होतं व्हय? खड्ड्यातून मिलिंदचा आवाज आला, "दादाला सावलीत बसवा रं. ऊन लागलंय त्यान्ला." आणि कुदळ पुन्हा चालायला लागली. माझं खोटं मला परत घेता येत नव्हतं. ते आता त्यांचं होतं, त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

मी ओढा ओलांडून वस्तीत गेलो. कौसामावशी दारात बसली होती. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. रज्जाकभाईंचं नाव घेतलं, पंक्चरचं सांगितलं, बाबूरावला काय म्हणालो ते सांगितलं.

ती हसली नाही. पायावरून हात फिरवला. मग विचारलं, "पानी आमचं व्हतं?"

"हो."

"आन मला हिरीत उतरवलं ते तुझ्या तोंडच्या शब्दानं?"

"हो, मावशी."

"मावशी म्हनू नको," ती म्हणाली. "तुला माफ करायचं मला जमायचं न्हाई. आता वय बी न्हाई तेवढं. पर हे आत्ताच कावून सांगाया आलास?"

मी खड्ड्याचं सांगितलं. मिलिंद आत आहे, राख ओघळतेय, आणि ते माझं ऐकत नाहीत.

ती काठीला धरून उठली. मी हात पुढं केला, तो तिनं बघितलाच नाही. ओढ्याच्या उतारावर तिचा वाकडा पाय दर पावलाला बाहेरच्या बाजूला फेकला जात होता आणि मी मागं चालत होतो. इतक्या वर्षांत तिला चालताना मी मागून कधी बघितलं नव्हतं. मैदानावर पोरांनी तिला वाट करून दिली. ती थेट काठाशी गेली, खाली वाकली. तिच्या काठीच्या टोकाशी राख सुटून आत घरंगळली.

"मिलिंद," ती म्हणाली, "वर ये."

"आई, थोडंच ऱ्हायलंय."

"म्या तळ बघितलाय. काई नसतं तिथं. वर ये."

तिनं आवाज चढवला नव्हता. कुदळ थांबली. पोरांनी हात दिले आणि मिलिंद वर आला, पायापासून डोक्यापर्यंत करडा. त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. आईच्या तोंडावर काय होतं ते मला दिसत नव्हतं, मी तिच्या मागं होतो. त्याला दिसत होतं. बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला, आणि तो सगळा बदल मला उभ्यानं बघावा लागला.

हळूहळू एकेक जण निघाला. टपरीवाल्यानं जाताना शेंदराच्या दगडाकडं बघायचं टाळलं. मिलिंदनं अंगावरची राख झटकली, फावडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"बुजवा," तो म्हणाला, आणि आईला धरून उताराला लागला.

ढीग मोठा होता. मी एकेक फावडं आत लोटत राहिलो. राख कोरडी ठक्क होती, पडताना तिचा आवाजसुद्धा येत नव्हता.